हॉस्टेलच्या मागं काय आहे?

फर्स्ट इयरला आलो तेव्हा एका सिनियरनं आम्हा नव्या पोरांना कॅम्पस दाखवला होता. ही मेन बिल्डिंग, हे वर्कशॉप, ही लायब्ररी, ही मेस, मेसच्या बाजूला टपरी. कुणीतरी विचारलं, "आणि हॉस्टेलच्या मागं काय आहे?" तो म्हणाला, "मागं? मागं काय बी नाही. माळ आहे नुसता."

पुढची दीड वर्षं माझीही तीच समजूत होती. माळ म्हणजे जिथं क्रिकेटचा बॉल गेला की परत आल्यावर अर्धा तास पॅन्टीची कुसळं काढत बसावं लागतं, आणि जिथं रात्री घरी फोन करायला जरा रेंज मिळते ती जागा. बाकी काही नाही.

मग सेकंड इयरला सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल आलं. आमच्या बॅचच्या वाट्याला नेहमीप्रमाणे जुनी डम्पी लेव्हल आली. जिनं तिच्यात डोकावलंय त्याला माहीत आहे, तिच्यातून सगळं जग उलटं दिसतं. मार्च महिना, सकाळचे दहा, तरी ऊन डोक्यात जात होतं. माझा पार्टनर लांब माळावर स्टाफ धरून उभा. मी फोकस फिरवला तर स्टाफच्या अलीकडे एक पक्षी! डोकं खाली, पाय वर. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांपुढे पिवळी लटकन. खाली दगडगोटे, आणि त्या दगडगोट्यांवर तो अगदी निवांत बसलेला.

"रीडिंग सांग की बे! हात दुखायलाव!" पार्टनर ओरडला.

रीडिंग राहिलं बाजूला. आम्ही जवळ गेलो तशी ती उठली आणि डोक्यावर घिरट्या घालून जे ओरडायला लागली! जिथून उठली तिथं चार अंडी होती. घरटं असं नाहीच, उघड्या जमिनीवर चार ठिपकेदार अंडी. शेजारचे खडे आणि ती अंडी यांत फरक करायला दोन मिनिटं लागली. माझ्या पार्टनरचा बूट त्यांच्यापासून फार तर चार पावलांवर होता. आम्ही गुपचूप आमची लाईन लांब सरकवली. त्या दिवशीचा आमचा क्लोजिंग एरर कॉलेजच्या इतिहासात नोंद करावा असा होता, आणि सरांनी तो जर्नलमध्ये लाल पेनानं नोंदवलाही. पण संध्याकाळी लायब्ररीत जाऊन पुस्तक काढलं आणि नाव सापडलं : माळटिटवी. नदीकाठी दिसते ती टिटवी वेगळी, ही माळावरची.

मित्रांनो, आमचं मंडळ सुरू झालं ते असं. मंडळ म्हणायचं, पण त्याला नाव नाही. नाव ठरवायला दोन मीटिंगा झाल्या, दोन्ही वेळा चहा संपला आणि नाव काही ठरलं नाही. आम्ही आठ जण आहोत. पाच मुलं आमच्या हॉस्टेलची, तिघी लेडीज हॉस्टेलच्या. लेडीज हॉस्टेलचं गेट सहाला उघडतं म्हणून आमची वेळ सव्वासहा. सुरुवातीला त्यांना गेटच्या रजिस्टरमध्ये बाहेर जाण्याचं कारण लिहायचं होतं. 'पक्षी बघणे' हे कारण वाचून बाई दोन मिनिटं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या म्हणे. आता सवय झालीय. एक दुर्बीण आहे, आठ जणांत एक, तीही एकीच्या मामाची. आणि एक दोनशे पानी रजिस्टर. नियम एकच : जे दिसलं ते तारीख, वेळ, जागा घालून लिहायचं. ओळखू आलं नाही तर 'ओळखू आलं नाही' असं लिहायचं. ठोकून द्यायचं नाही. हा नियम आम्ही वायवालाही पाळला असता तर बरं झालं असतं, पण ते असो.

आता त्या 'काय बी नाही'मध्ये काय आहे ते सांगतो.

आधी झाडोरा. बोर, हिवर, बाभूळ, पळस ही तर सगळ्यांना माहीत आहेत. तरवड आहे, तिची पिवळी फुलं पावसाळ्यानंतर बघावीत. सिगमकाठी आहे, तिच्या फुलाचा तुरा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा असतो, जणू दोन फुलं चुकून एकत्र जोडलीत. आणि गवत. मला वाटायचं गवत म्हणजे गवत. एक दिवस मेंढ्या घेऊन आलेले एक मामा भेटले. आम्ही दुर्बीण लावून उभे, तर म्हणाले, "काय बघायलाव रे पोरहो?" मग आमचं ऐकून त्यांनी आमचाच क्लास घेतला. ही कुसळी, कोवळी असताना मेंढी खाते, कुसळं आल्यावर तोंड लावत नाही. हे पवना. ही मारवेल, हिला जनावर सोडत नाही. जिथं मारवेल गेली तिथं जमीन थकली समजायची. आम्ही बोटॅनिकल नावं नंतर शोधली, पण गवताची पहिली ओळख त्या मामांनी दिली. फी म्हणून एक चहा घेतला.

उन्हाळ्याच्या तोंडाला सरडे. दगडावर बसून एक छोटासा सरडा गळ्याखालचा पंखा उघडतो, निळा-काळा-नारंगी असा चमकतो आणि मिटतो. मादीसाठी चाललेला हा सगळा देखावा! गॅदरिंगच्या आधी बॉईज हॉस्टेलच्या आरशासमोर जे चालतं त्यापेक्षा फार वेगळा नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या अशा पंखा-गळ्याच्या काही सरड्यांसाठी शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक नवा जीनस केला आणि त्याचं नाव ठेवलं 'सरडा'. लॅटिन नाही, ग्रीक नाही, आपला मराठी सरडा! जगभरच्या शास्त्रीय यादीत हा शब्द गेला आणि आम्ही लहानपणापासून त्याला दगड मारत आलो.

थंडीत भोवत्या येतात. घारीसारखे पण सडपातळ, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. यातले काही पार कझाकस्तानकडून येतात. एवढा प्रवास करून कशाला, तर आपल्या माळावरचे नाकतोडे खायला. आणि एकदा, पी.एल. चालू असताना, पहाटे पाचला अभ्यास (खरं म्हणजे अभ्यासाची काळजी) करून गच्चीवर गेलो तर खाली कुंपणाजवळ खोकड उभं होतं. मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटीचं टोक काळं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यालाच कंटाळा आला आणि ते गेलं. त्या पेपरला मला केटी लागली, पण ती तारीख रजिस्टरमध्ये आहे.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे नोटीस बोर्डावर लागलेलं एक पत्रक. हॉस्टेलच्या मागची 'पडीक जागा' स्वच्छ व सपाट करून येत्या पावसाळ्यात तिथं वृक्षारोपण करण्यात येणार आहे. इच्छुकांनी नावं द्यावीत.

मी पहिल्या वर्षी असंच नाव दिलं होतं. हे प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना शिकवतोय असं वाटायला नको. माळाच्याच एका टोकाला आम्ही खड्डे खोदले, त्यात गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. एका रोपाभोवती अकरा जण असा फोटो काढला, केळी खाल्ली आणि परत आलो. पुढच्या एप्रिलमध्ये त्यातली बहुतेक रोपं वाळून गेली होती. खड्डे मात्र राहिले. खोदताना उपसलेल्या मातीवर आज गाजरगवत माजलंय, जिथं आधी पवना होतं.

माझा राग झाडांवर नाही. त्या 'पडीक' शब्दावर आहे.

हा शब्द आला कुठून? ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती जमीन वाया गेलेली, असा सरकारी हिशोब इंग्रजांच्या काळापासून चालत आला. सातबाऱ्यावर आजही 'पोटखराबा' असतो. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला, टेक्नॉलॉजी एकदम नवी. पण त्यात खुरटी झुडपं असलेली जमीनही पडीकच धरली. सॅटेलाइट नवा, हिशोब जुना. उंच झाड असलं की जंगल, पीक असलं की शेत, दोन्ही नसलं की काहीच नाही. म्हणजे आमचा तो सिनियर एकटा चुकला नव्हता.

या चुकीची किंमत काय असते ते आपल्या शेजारच्या सोलापूरला विचारा. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी या निसर्गप्रेमी माणसानं नान्नजच्या माळावरचे माळढोक जगाच्या नजरेस आणून दिले. ते काही मोठ्या संस्थेचे संचालक नव्हते. माळावर जात राहिले, बघत राहिले, सांगत राहिले. १९७९ मध्ये तिथं माळढोक अभयारण्य झालं. पुढे बीएनएचएसचे शास्त्रज्ञ येऊन राहिले. माळढोकाला लांबवर नजर पोचेल असा उघडा माळ लागतो. दाट झाडी त्याच्या काही कामाची नाही. तरीही अभयारण्य झालं म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. जमिनीच्या खरेदी-विक्रीवरच्या बंधनांमुळे गावकऱ्यांचा रोष झाला, माळ तुटत गेला, शेती आणि विजेच्या तारा वाढल्या. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि नान्नजला एखादा दिसला तर पेपरला बातमी येते. नांदेडहून सोलापूरला एका दिवसात जाऊन येता येतं. आपल्यातल्या कितीजणांनी माळढोक हे नाव तरी ऐकलं होतं? मी ऐकलं नव्हतं.

मंडळ म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. "आठ पोरं दुर्बीण घेऊन हिंडून काय होणार?" १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत असेच आठ जण एकत्र आले होते. महिन्यातून एकदा जमायचं, काय दिसलं ते एकमेकांना सांगायचं, गोळा केलेले नमुने दाखवायचे, एवढाच बेत. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी, आणि सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. त्या महिन्याच्या बैठकीतून उभी राहिली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजेच वर म्हटलेली बीएनएचएस. आम्हीही आठच आहोत, हा योगायोग मी मंडळात दहा वेळा सांगून झालोय. आता कुणी ऐकत नाही, म्हणून इथं लिहिला.

त्याच सोसायटीचे सलीम अली १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातले पक्षी मोजायला निघाले. पत्नी तेहमिनाही सोबत असायच्या. नांदेड तेव्हा निजामाच्याच राज्यात, लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक गाव; लातूर जिल्हा झाला १९८२ ला. म्हणजे मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याच्या पक्ष्यांची पद्धतशीर नोंद नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी झाली. त्यानंतर आपल्या तालुक्यात, आपल्या गावात, आपल्या कॅम्पसमागे काय उरलं हे कुणी लिहायचं? पुण्या-मुंबईहून कुणी येईल याची वाट बघायची का?

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या गोदावरीशी जोडलेली आहे. जेर्डनचा धाविक नावाचा पक्षी आहे. काटेरी झुडपांत राहतो, रात्री फिरतो. एकोणिसाव्या शतकात त्याच्या नोंदी गोदावरीच्या खोऱ्यातल्या, पार सिरोंच्याजवळच्या आहेत. १९०० नंतर तो कुणाला दिसलाच नाही. संपला, असंच सगळ्यांनी धरलं. जानेवारी १९८६ मध्ये आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा सापडला. शोधमोहीम बीएनएचएसच्या भारत भूषण यांची, पण पक्षी हाती लागला तो एका स्थानिक माणसाच्या. ज्या झुडपांत तो मिळाला तसली झुडपं बघून आपण जेसीबीला फोन करतो. तो धाविक आपल्या हॉस्टेलमागे आहे असं माझं म्हणणं नाही. फक्त शहाऐंशी वर्षं 'नाही' म्हटलेली गोष्ट होती, हे लक्षात राहतं.

आता मला माहीत आहे, मेसमध्ये काय उत्तर येणार. "लेका, तू लातूरचा! तुला झाडं नको?"

हो, मी लातूर जिल्ह्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी पाचवीत होतो. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मामांच्या घरी घागरी, ड्रम, पातेली यांनी खोल्या भरलेल्या मी पाहिल्यात. आमच्या जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली तेव्हा आमच्या शाळेतही रोपं आली होती, मीही एक लावलं होतं. ते जगलं की नाही हे मी परत जाऊन पाहिलं नाही. आपलं बहुतेकांचं असंच असतं. सावली हवी हे मला कुणी सांगायला नको.

पण म्हणूनच म्हणतो. कमी पावसाच्या मुलखात माळाचं गवत माती धरून ठेवतं, पावसाचं पाणी मुरवतं आणि कार्बन झाडासारखा वर नाही तर खाली मुळांत आणि मातीत साठवतं. ते उपटून, सपाट करून, तिथं टँकरनं पाणी घालून रोपं जगवायची, हा दुष्काळावरचा उपाय नाही. आमच्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे, एक डोंगर. लांबून बघाल तर झुडपांनी भरलेला, तुमच्या भाषेत पडीकच! पण औषधी वनस्पतींसाठी लोक आजही तिथं श्रद्धेनं जातात. माझी आजी जायची. तो डोंगर सपाट करा असं म्हणायची हिंमत कुणी करणार नाही, कारण त्याच्यापाशी देव आहे. हॉस्टेलमागच्या माळाला देव नाही, एवढाच काय तो फरक.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर घरचे म्हणतील पोरगं शहरात जाऊन बिघडलं. सोयाबीन उगवून आलं की हरणांचा कळप एका रात्रीत शेंडे खाऊन जातो. काकांनी दुबार पेरणी केलेली मी पाहिली आहे. त्यांच्यासमोर 'काळवीट किती सुंदर' म्हणायची माझी छाती नाही. त्यांना मी एकदा विचारलं, "काका, आधी यायची का हो एवढी हरणं शेतात?" ते म्हणाले, "आधी गायरान होतं की बाबा. आता त्यांनी जावं तरी कुठं?" काका दहावी नापास आहेत. नुकसानभरपाईचा अर्ज त्यांचा अजून कुठंतरी फिरतोय.

तर आमचं म्हणणं एवढंच आहे. आपण इंजिनियर होणार आहोत. साधं कल्व्हर्ट बांधायचं तरी आधी साईट बघतो, लेव्हल घेतो, ट्रायल पिट घेतो. सर्व्हे न करता डिझाईन केलं तर सर शीट फेकून देतात आणि बरोबरच करतात. मग या माळाचा सर्व्हे न करता त्याचं डिझाईन कसं ठरलं? एक वर्ष थांबा. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही ऋतू नोंदी होऊ द्या. माळटिटवी अंडी घालते त्या पट्ट्यात मार्च ते जुलै जेसीबी तर जाऊच नये. झाडं लावायची आहेत ना? मेन गेटपासून मेसपर्यंतचा रस्ता रखरखीत आहे, पार्किंगला सावली नाही. तिथं कडुनिंब, वड, करंज लावू, आम्ही आठही जण खड्डे खोदायला येऊ, आणि या वेळी उन्हाळ्यात पाणीही घालू. पहिल्या वर्षीचं माझं कर्ज आहेच.

फेब्रुवारीत देशभरातली कॉलेजं कॅम्पस बर्ड काउंटमध्ये भाग घेतात. चार दिवस, रोज निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि ईबर्डवर टाकायचे. मोबाईल सगळ्यांकडे आहे, रील बघायला लागतो त्याच्या निम्मा वेळ लागत नाही. आपल्या कॉलेजचं नाव त्या यादीत यावं असं आम्हाला वाटतं. कॉम्प्युटरवाल्यांना एक विनंती : आमचं रजिस्टर चहाच्या डागांनी वाचता येईनासं व्हायच्या आत कुणीतरी त्याचा डेटाबेस करून द्या. मिनी प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडता, हा घ्या विषय.

वृक्षारोपणाच्या पत्रकावर सही करणाऱ्या सरांना आम्ही जाऊन भेटलो. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "तिथं आहे तरी काय, मला दाखवा." त्यांना रविवारची वेळ दिली आहे. त्यांच्या मुलीलाही यायचंय, ती चौथीत आहे.

बाकीच्यांसाठी : दर रविवारी सव्वासहा, मेसच्या मागच्या दारापाशी. पाण्याची बाटली आणा. स्लीपर नको, कुसळं लागतात. पांढरा शर्ट घालू नका, लांबून दिसतो. दुर्बीण एकच आहे, पाळीनं मिळेल.